पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर माउसचा बाण आपोआप सरकताना दिसला. दोनच दिवसांपूर्वी प्रिंटर दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरच्या माणसाने लांबून कॉम्प्युटर चालवण्याचे ॲप उतरवून घ्यायला लावले होते. घाबरून मी तिथेच बसून नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला. शेजारची मुलगी आयटीत आहे. ती म्हणाली, “काका, मग नवा पासवर्डही त्याने पाहिला असेल की!”

तिने आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. माझ्या फोनमध्ये तसले ॲप नाही हे पाहून फोनवरूनच सगळे केले. पहिला ई-मेल, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सर्व ठिकाणी आधीच चालू असलेले लॉगिनही बंद करावे लागते. मग नेट बँकिंग, वॉलेट, यूपीआय पिन. ब्राउझरने लक्षात ठेवलेला प्रत्येक पासवर्ड फुटलाच असे धरायचे. नवा बेनिफिशियरी (पैसे पाठवण्यासाठी नोंदवलेले खाते) किंवा ऑटोपे (पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी) कोणी जोडले आहे का, हेही पाहिले. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार ॲपमधून बंद केले. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे 2020 पासून ही सोय मिळते, मला मात्र ती त्या दिवशी कळली.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो, तर उत्तर मिळाले, “पैसे गेले नाहीत ना? मग तक्रार कसली?” याचे मला फार वाईट वाटले. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, खात्यातून परस्पर झालेल्या व्यवहारात चूक ग्राहकाची वा बँकेची नसेल आणि त्या व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाची चूक असली, तरी तक्रार नोंदवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे एकेक तास मोलाचा. अशा वेळी संशय घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणे योग्य नाही.

बँकांनी नुसत्या संशयाचीही नोंद घेऊन तक्रार क्रमांक द्यावा. काय आधी करायचे आणि कुठून करायचे, याचा मराठी फलक 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकासह प्रत्येक शाखेत लावावा. पेन्शनर मंडळी पासबुक भरायला रांगेत उभी असतात, तिथेच तो हवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज