शैलजा टीचर, पीपीई किटचा हिशोब फळ्यावर मांडा

शैलजा टीचर, नमस्कार.

मी कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे तुम्ही कन्नूरकडे शिवपुरमच्या हायस्कूलमध्ये शिकवायचात तेच. केरळच्या आरोग्यमंत्री झालात तरी लोक तुम्हाला टीचरच म्हणत राहिले, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

2018ला निपा व्हायरसची साथ आली, पेरांब्र्याच्या सरकारी हॉस्पिटलातल्या लिनी सिस्टर पेशंटची सेवा करता करता गेल्या, आणि शेजारच्या गावातले लोक घरंदारं सोडून निघाले, तेव्हा तुम्ही स्वतः तिथे गेलात आणि सांगितलंत की पळायची गरज नाही, ही लागण अगदी जवळ गेलं तरच होते. घाबरलेल्या पोरांना शांत करताना काय लागतं ते मला माहितीये, त्यामुळे हे वाचून अंगावर काटा आला होता.

कोरोनात तर देशातला पहिला पेशंट 30 जानेवारी 2020ला सापडायच्या आधीच तुमची कंट्रोल रूम सुरू झाली होती. पुढे मे महिन्यात आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपेंनी तुमच्याशी बोलून माहिती घेतली, केरळचे डॉक्टर-नर्स मुंबईत आले. आम्ही शिक्षक तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी सर्व्हे करत होतो, त्यामुळे ते दिवस विसरणं शक्यच नाही.

2021ला विधानसभेला मट्टन्नूरमधून 60,963 मतांनी निवडून आलात आणि तुमच्या पक्षाने, माकपने, मंत्रिमंडळात घेतलंच नाही, सगळे नवे चेहरे म्हणून. मला फार राग आला होता, तुम्ही मात्र पक्षाचा निर्णय मान्य म्हणालात. 2024ला लोकसभेला वडकरात हरलात तेव्हाही वाईट वाटलं.

पण टीचर, एक गोष्ट मनातून जात नाही. जानेवारी 2025मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट आला, त्यात आहे की मार्च 2020मध्ये 550 रुपयांना घेतलेलं पीपीई किट दोनच दिवसांनी 1550ला घेतलं. तेव्हा टंचाई होती, भाव चढले होते असं तुमचं म्हणणं, आणि मला ते पटतंही, इथे आम्ही साध्या मास्कसाठी वणवण केलीये. तरी एवढ्या उत्तरावर मार्क देता येत नाहीत ना. त्या दिवशी स्टॉकमध्ये किती किट होते, कुणी काय भाव दिला, कुणी माल द्यायला नकार दिला, हे तारीखवार लिहून लोकांसमोर ठेवा, निपाच्या वेळी गावात जाऊन समजावलंत तसंच.

मल्याळममध्येच लिहा. आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात तुमच्याकडच्या एक सिस्टर आहेत, त्यांच्याकडून मी वाचून घेईन.