बाबा, तुमचं ते वाक्य

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "चाळिशी आली तरी कार्टून सुटत नाही का गं तुझं?" मी हसून विषय बदलला. पण ते मनात राहिलं, म्हणून हे पत्र. फोनवर मला कुणी पूर्ण बोलूच देत नाही, हेही एक कारण आहेच.

गणपतीत मी टॅबवर बघत होते ते तुम्ही मागून पाहिलंत. माणसाचं डोकं फुलासारखं उमललं, पाकळ्यांना दात आले आणि त्याने समोर उभ्या बायकोचं मुंडकं एका घासात खाल्लं. आईने "शी!" म्हणून मोदकाचं ताट उचलून आत नेलं. दोष आईचा नाही, सुरुवातच तशी आहे. त्या मालिकेचं जपानी नाव 'किसेइजू', म्हणजे परजीवी श्वापद. मूळ चित्रकथा हितोशी इवाआकी यांची, १९८८ साली सुरू झालेली. मी बघते ती २४ भागांची मालिका २०१४ सालची.

आणि बाबा, ती सुरू होते तुमच्या वाक्याने. पृथ्वीवर कुणाच्या तरी मनात येतं, माणसं निम्मी झाली तर किती जंगलं जळायची वाचतील? पेपर मिटून चष्मा पुसताना तुम्ही हेच म्हणता. "माणसंच फार झालीत. निम्मी गेली पाहिजेत." मग आई विचारते, "चहा टाकू का?"

तो विचार तिथे खरा होऊ लागतो. किडे येतात, झोपलेल्यांच्या मेंदूत शिरतात आणि त्या देहातून इतर माणसांना खातात. शिनइची नावाच्या मुलाच्या मेंदूपर्यंत किडा पोचत नाही, उजव्या हातातच अडकतो. त्या हाताचं नाव मिगी, म्हणजे उजवा. मिगी तुम्हाला आवडेल. रात्रभर वाचतो आणि सकाळी मतं सांगतो. 'राक्षस' म्हणजे काय ते शोधून तो म्हणतो, या वर्णनाच्या सगळ्यात जवळ माणूसच येतो.

मला सांगायचंय ते मात्र त्यातल्या महापौराबद्दल. हिरोकावा नाव त्याचं. रीतसर निवडणूक जिंकून येतो आणि या किड्यांना नगरपालिकेत आसरा देतो. कुणाला कुठे खायचं म्हणजे बोभाटा होणार नाही, त्याचीसुद्धा व्यवस्था लावतो. शेवटी सैनिक सभागृहात शिरतात तेव्हा तो पळत नाही, भाषण करतो. तुमचं पर्यावरणरक्षण, तुमची प्राणीदया, सगळं माणसाच्या सोयीने मोजलेलं आहे. पृथ्वीला पोखरणारा खरा परजीवी माणूस. गोळ्या झाडतात आणि मग कळतं, हा किडा नव्हताच, साधा माणूस होता. मी तिथे थांबवून बराच वेळ बसून राहिले. त्याचं निदान खोडून काढता येत नाही, पण औषध म्हणून तो दुसऱ्यांचीच मुंडकी देतो. बाबा, तुम्ही निम्मी म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर दादरचा जिना असतो. आपली आळी कधी नसते.

शिनइचीची निम्मी पहिल्यांदा त्याच्या घरातच जातात. आई-वडील सहलीला जातात आणि आईच्या देहात भलतंच कुणीतरी परत येतं. तिच्या हातावर जुना भाजल्याचा डाग होता. तो लहान असताना उकळतं तेल त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून तिने हात मधे घातला होता. पृथ्वीच्या भल्याचा हिशोब मांडताना तो डाग कुठल्या रकान्यात लिहायचा? (आई, तुझ्या मनगटावरचा डाग अनारशांचा आहे, माझ्यामुळे नाही, हे तू शंभरदा सांगितलंयस. तरी तो भाग बघताना मी तुला फोन केला होता आणि "काही नाही, सहजच" म्हणाले होते.)

शेवटचा राक्षस, गोतो, एका देहात पाच किडे घेऊन फिरतो. बंदुकीला दाद देत नाही. तो पडतो डोंगरात चोरून टाकलेल्या कचऱ्याने! तिथली एक गंजकी सळई शिनइची त्याच्या अंगात खुपसतो आणि तिला लागलेलं विष भिनून आतले किडे एकमेकांना जुमानेनासे होतात. म्हणजे माणूस वाचतो तो स्वतःच्याच घाणीमुळे. लेखकाने हे ठरवून केलंय असंच मला वाटतं. जपानला असा कचरा अनोळखी नव्हता. तेशिमा नावाच्या छोट्या बेटावर वर्षानुवर्षं कारखान्यांचा कचरा बेकायदा टाकला आणि जाळला जात होता. १९९० साली पोलिसांनी छापा घातला आणि नऊ लाख टनांवर कचरा तिथून हलवायला २०१७ उजाडलं. आपल्या खाडीत मासे उलटे तरंगले होते, तेव्हा तुम्हीच सह्या गोळा करत हिंडला होतात. त्या दिवसांत "माणसं फार झालीत" हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खाडीत नळी कुणी सोडली, एवढंच विचारत होतात.

गोतोचा उरलेला गोळा पुन्हा जुळू लागतो. त्याचा दोष नाही हे शिनइचीला माहीत असतं. तो आधी पाठ फिरवून निघतोसुद्धा. मग परत येतो, रडत माफी मागतो आणि मारतो.

दिवाळीत येतेय. बाबांनी पहिले दोन भाग माझ्यासोबत बघायचे आणि मग हवं ते बोलायचं. आई, तू भाषणाच्या भागाला ये, त्याआधी नको. आणि हो, जेवणं उरकून घ्या.

तुमची,
मनू