सासूबाईंचा बडीचुरा

भुवनेश्वर,
22 मार्च

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून खंत वाटते. आम्ही सर्व बरे आहोत. सासूबाईंचे मनगट मात्र जानेवारीत मोडले आणि प्लास्टर निघाले तरी मुठीत जोर आलेला नाही. त्या मुठीपायीच हे पत्र लिहीत आहे.

परवा 20 मार्चला इथे पखाळ दिवस होता. पाण्यात आंबवलेल्या त्या भाताशेजारी बडीचुरा, म्हणजे बड्यांचा (इथल्या सांडग्यांचा) भरड चुरा, हवाच, आणि या घरात तो आजवर त्यांच्याखेरीज कोणी केलेला नाही. यंदा मी केला. उडदाच्या बड्या थोड्या मोहरीच्या तेलात मंद आचेवर तांबूस परतल्या आणि लसूण, हिरवी मिरची, मीठ यांच्यासह घाईने मिक्सरमध्ये फिरवल्या. त्याचे ओलसर पीठ झाले. सासूबाईंनी चिमूटभर चाखून वाटी ह्यांच्याकडे सरकवली आणि नुसत्या मिठाशी भात संपवला.

काल पुन्हा केला, खलबत्त्यात. लसूण-मिरची आधी ठेचली, मग बड्यांवर चार-सहाच घाव घातले, कांदा आणि कच्चे तेल शेवटी हाताने कालवले. पाने घेतल्यावरच कुटला, कारण थोडा वेळ राहिला तरी तो मऊ पडतो आणि दाताखालची कुरकुर जाते. त्यांनी तो खाल्ला. पुन्हा मागितला नाही.

पण माझी खरी काळजी बड्यांची आहे. वाटलेली डाळ सासूबाई हातानेच फेसत, तिचा थेंब पाण्यावर तरंगेपर्यंत, आणि मगच कापडावर बड्या घालून उन्हात ठेवत. मी फेसलेल्या डाळीच्या बड्या वाळल्यावर दगडासारख्या होतात. येत्या थंडीत हे कोण करणार?

कोहळ्याच्या सांडग्यांवरून आपण आठ दिवस अबोला धरला होता, आठवते? इथेही कोहळा घालून बड्या करतात आणि सासूबाई कोहळा पिळूनच घेतात. तेव्हा तो वाद मी जिंकले, हे तुला लेखी कळवते.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिमीची दहावीची परीक्षा संपली असेल, तिला आशीर्वाद.

काकू डाळ फेसत तेव्हा तू त्यांच्याशेजारी बसायचीस आणि मी गच्चीवर कावळे हाकायचे. म्हणून तुलाच विचारते: त्या किती वेळ फेसत, पाण्याचा हात लावत की कोरडेच, आणि हात एकाच दिशेने फिरवत का? सगळे सविस्तर लिही. आमच्या बरणीत आता जेमतेम चार बोटे बड्या उरल्या आहेत.

तुझी,
वसू