बिलाची तक्रार कोणाकडे करायची?

महोदय,

ब्रॉडबँड बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन, मोडेम परत करून आणि त्याची पोच घेऊनही पुढचे तीन महिने मला भाड्याचे बिल येतच राहिले. अर्जाला उत्तर नाही. वसुलीचे फोन मात्र न चुकता येत. अशा वेळी अनेक जण ‘ट्राय’कडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, धाव घेतात, परंतु ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. ट्रायच्याच २०१२च्या विनियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रातून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यायचा आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे, म्हणजे शेत खाल्ल्याची फिर्याद कुंपणाकडेच!

त्यापुढची वाट दीर्घकाळ अडलेली होती. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ‘७ ब’नुसार असे वाद लवादाकडेच न्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये म्हटल्याने ग्राहक मंचांचे (आताच्या ग्राहक आयोगांचे) दार बंद झाले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये मात्र त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगांचा अधिकार मान्य केला, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेखच आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत तक्रारीला शुल्कही लागत नाही.

माझ्या बिलावर सवलतींच्या जाहिराती होत्या, यातले काहीच नव्हते. अपील प्राधिकरणाचा पत्ता आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन प्रत्येक बिलावर ठळक मराठीत छापणे, तसेच वाद प्रलंबित असेपर्यंत वसुलीचे फोन थांबवणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक ग्राहक, सातारा