गोचीड ताप : वाहक गाय ओळखा

संकरित गाईंमधील गोचीड तापावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. गोठा स्वच्छ ठेवा, गोचिडांचा बंदोबस्त करा, हा सल्ला योग्यच. पण हा आजार बाजारातून विकतही येतो, त्याचा उल्लेख राहून गेला. थायलेरिया, म्हणजे गोचिडांतून पसरणाऱ्या परजीवीमुळे येणारा हा ताप, होऊन बरी झालेली गाय वरून धडधाकट दिसते, दूधही देते. तिच्या रक्तात मात्र परजीवी अल्प प्रमाणात टिकून राहतात आणि गोचिडांमार्फत गोठ्यातल्या इतर जनावरांत शिरतात; हीच वाहक गाय. आपल्याकडे तपासणीसाठी कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, गीम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तापाने फणफणलेल्या जनावरासाठी ही पद्धत स्वस्त व झटपट आहे, ती राहावीच. वाहक गाय मात्र तिच्यातून बहुधा निसटते. पीसीआर चाचणी परजीवीचा डीएनएच शोधत असल्याने तो अगदी थोडा असला तरी सापडतो. लोणी किंवा काष्टीच्या बाजारात कर्ज काढून दुभती गाय घेणाऱ्याला असा अहवाल हाती मिळायला हवा. पशुसंवर्धन विभागाने ही चाचणी जिल्हा पातळीवर माफक दरात द्यावी आणि रक्ताचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच घेण्याची सोय करावी.

— एक दूध उत्पादक, संगमनेर