पार्सलच्या पेल्यात पत्ती नको

मा. संपादक,

चिनी चहा मूळ पद्धतीने काढून पार्सल देणारी दुकाने मोठ्या शहरांत निघू लागली आहेत. नागपुरात धरमपेठेत किंवा सदरमध्ये कोणी असे दुकान टाकणार असेल, तर सजावटीआधी त्याने पाणी, वजनकाटा आणि घड्याळ यांचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

आपण थोडी पत्ती बराच वेळ उकळतो. चिनी ‘गोंगफू’ पद्धतीत पत्ती भरपूर, पाणी थोडे आणि वेळ काही सेकंदांचा. सुमारे १२० मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत, म्हणजे गायवानमध्ये, ६-७ ग्रॅम ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, घ्यायचा. वाटी आधी गरम पाण्याने तापवायची. पत्तीवर उकळते पाणी ओतून ते लगेच फेकायचे. मग पहिले पाणी १५ सेकंद, दुसरे २०, पुढे थोडे-थोडे वाढवत. चांगली पत्ती सहा-सात पाणी देते.

पार्सलचा पेला २०० मिलिलिटरचा, म्हणून दोन पाणी लागतात. ती थेट पेल्यात ओतू नयेत. तोटीच्या काचेच्या भांड्यात एकत्र करावीत. पहिल्यात दरवळ जास्त, दुसऱ्यात दाटपणा. मिसळल्यावर चव जुळते. उरलेली पत्ती त्याच गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या पेल्यासाठी वापरावी. ओली पत्ती मे महिन्यात तासा-दोन तासांत आंबू लागते, ती दुपारसाठी राखून ठेवू नये.

घाईत हमखास होणारी चूक म्हणजे पत्ती पेल्यातच सोडून वर झाकण लावणे. बर्डीवरून मनीषनगरला पोचेपर्यंत ती मुरतच राहते, कॅटेचिन (पत्तीतली तुरट द्रव्ये) आणि कॅफिन सुटत राहतात आणि चहा कडूझार होतो. गिऱ्हाईक मात्र दोष चिनी चहाला देते. लाँगजिंगसारख्या हिरव्या चहाला तर ८० अंशांचेच पाणी हवे. तो गरम असताना झाकण घट्ट लावले की पिवळा पडतो, शिजवलेल्या भाजीसारखा वास येतो. दोन-तीन मिनिटे पेला उघडा ठेवावा. तसाही ६५ अंशांहून गरम चहा हातात देऊ नये; इतकी कढत पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे.

पाण्याचे काय? बोअरच्या जड पाण्याने चहावर तवंग येतो, रंग काळपट होतो आणि सुगंध दबतो. आरओचे अगदी निःक्षार पाणीही चालत नाही, चहा सपक लागतो. यंत्राचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ८० ते १०० च्या आसपास ठेवावा आणि किटलीतला क्षाराचा थर वरचेवर काढावा.

उन्हाळ्यात गार चहाच जास्त खपेल. त्यासाठी गरम चहात बर्फ टाकण्यापेक्षा लिटरभर पाण्यात ८-१० ग्रॅम पत्ती घालून आठ तास फ्रिजमध्ये ठेवावी, गाळून त्याच दिवशी संपवावी. बर्फ लागलाच तर पिण्याच्या पाण्याचा. निळा बर्फ खाण्यासाठी नसतो.

कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना अशा पेल्यातल्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण आढळले होते. म्हणून घरून स्टीलचा पेला आणणाऱ्याला दुकानदाराने चार-पाच रुपये कमी लावावेत आणि तशी पाटी गल्ल्याजवळ दिसेल अशी लावावी.

– एक वाचक, नागपूर