पूलवाला, फ्रीजवाला आणि हिऱ्यावाली: मावशींना आभाराचे जाहीर पत्र

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

हे पत्र मी घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवू शकले असते, कारण आपल्या दोन घरांमध्ये एक बोळ आणि तुमचा कडुनिंब एवढेच अंतर आहे. तरीही ते चारचौघांसमोर लिहीत आहे, कारण तुम्ही मला जे दिले त्याला मदत म्हणायला तुम्ही आजवर तयार झालेल्या नाहीत. ‘रद्दी देल्ली, त्यात काय एवढं’ असे म्हणून तुम्ही प्रत्येक वेळी विषय संपवता. इथे तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून सगळे नीट सांगते.

दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, मी एका संशोधन प्रकल्पाची मुलाखत देऊन एस.टी.ने गावी परतले होते. रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग तीन हंगाम कापसाची सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये नोकरी आणि त्यानंतर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., असा माझा अर्ज होता. समितीतल्या एका गृहस्थांनी तो वरून खाली वाचला आणि मधली तीन वर्षे तुम्ही कापूस मोजत होतात का, असे विचारले. मी ‘हो’ म्हणाले आणि पुढे मला काहीच बोलता आले नाही. ती तीन वर्षे माझ्या अर्जावर पडलेला डाग आहेत, असे मला त्या खोलीत प्रथमच वाटले. त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसून मी हे सांगितले, तेव्हा तुम्ही समजूत काढायच्या भानगडीत पडला नाहीत. आत जाऊन पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून आणलीत.

नागपूरच्या एका संशोधन संस्थेत तुम्ही प्रयोगशाळा परिचर म्हणून तीस वर्षे काचसामान धुतले, नमुन्यांच्या बाटल्या लावल्या आणि पाहुण्यांना चहा दिला, हे गावाला माहीत आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन झाला की भिंतीवरचे शास्त्रज्ञांच्या परिचयाचे तक्ते कचऱ्यात जात आणि तुम्ही ते फळ्यांवर अंथरायला घरी आणत असा, हे मात्र मला त्या दिवशी कळले. इंग्रजी नावे लक्षात राहत नाहीत म्हणून प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीने स्वतःचे नाव लिहून ठेवले होते. एकावर ‘पूलवाला’, दुसऱ्यावर ‘फ्रीजवाला’, तिसऱ्यावर ‘हिऱ्यावाली’ आणि चौथ्यावर ‘गणितवाला सायब’. सगळे तक्ते ओट्यावर पसरून तुम्ही म्हणालात, “अवं पोरी, हे सारे दुसऱ्याच वावरातून आलेत. तुले कायची लाज?”

पूलवाला म्हणजे पॉल क्रुट्झेन. ओझोनच्या रसायनशास्त्रावरील कामासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांच्यापैकी हे एक, आणि १९८० पासून पुढची वीस वर्षे जर्मनीतील माइन्झच्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेत ते संचालक होते. या माणसाचे मूळ शिक्षण स्थापत्याचे. ॲमस्टरडॅम शहराच्या पूलबांधणी कार्यालयात त्यांनी नोकरी केली, पुढे स्वीडनला गेले आणि १९५९ साली स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या जागेवर लागले. जाहिरात पाहून अर्ज केला तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंगचा काडीचाही अनुभव नव्हता. नोकरी करता करता त्यांनी त्याच विभागात शिक्षण घेतले, डॉक्टरेट मिळवली आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोनचा नाश कसा करतात हे १९७० साली दाखवले.

फ्रीजवाल्याची गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगितलीत, आणि दोन्ही वेळा हसत. वीरभद्रन रामनाथन मदुराईचे. इंजिनियर झाल्यावर सिकंदराबादच्या एका रेफ्रिजरेटर कारखान्यात ते लागले, तिथे थंडावा देणारा वायू गळू नये हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. कंटाळा आला म्हणून ते पुढे शिकायला बाहेर पडले, अमेरिकेत गेल्यावर मार्गदर्शकांनी विषयच बदलल्यामुळे शुक्र आणि मंगळाच्या वातावरणाकडे वळले, आणि १९७५ साली त्यांनी जे सिद्ध केले त्यात तोच जुना वायू पुन्हा समोर आला. फ्रीजमधून गळणारी क्लोरोफ्लुरोकार्बन ही रसायने पृथ्वीला तापवतात, आणि त्यांचा एकेक रेणू कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णता अडवतो, असा तो निष्कर्ष होता. कारखान्यातली ती वर्षे त्यांच्या अर्जावरही कोणाला निरुपयोगी वाटली असती.

एक गोष्ट तुमच्या तक्त्यांवर नव्हती, ती मी नंतर शोधली आणि तुम्हाला सांगायची राहून गेली. पूलवाला आणि फ्रीजवाला पुढे एकत्र आले. हिंदी महासागरावरील धुरकट थराचा अभ्यास करणाऱ्या ‘इंडोएक्स’ या मोठ्या मोहिमेचे नेतृत्व या दोघांनी केले आणि १९९९ साली तिची मुख्य निरीक्षणे मालदीवमधून घेतली गेली. दक्षिण आशियावरून समुद्रापर्यंत पसरणाऱ्या त्या तपकिरी धुरात वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर होताच, पण लाकूड आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलींचाही होता. आपल्याकडे चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जळतात तेव्हा तुम्ही डोळे पुसत म्हणता, ‘हा धूर जाते तरी कुठं?’ त्याचे उत्तर या दोघांनी विमाने, जहाजे आणि उपग्रह लावून शोधले.

हिऱ्यावाली मला सर्वांत जवळची वाटते. अॅना मणी १९१८ साली त्रावणकोरमध्ये जन्मल्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे मिळणारी हिऱ्याची कर्णभूषणे त्यांनी नाकारली आणि ज्ञानकोशाचे खंड मागितले, असे सांगतात. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या वाट्याला हिरे आणि माणकेच आली, पण ती वर्णपटाच्या अभ्यासासाठी. त्या कामावर त्यांनी प्रबंध लिहिला, तरी एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणाने त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. भौतिकशास्त्र शिकायला त्या १९४५ मध्ये लंडनला गेल्या आणि शिष्यवृत्ती हवामानाच्या उपकरणांसाठी मिळाली म्हणून उपकरणेच शिकून आल्या. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू होऊन त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे ती उपकरणे देशातच तयार होऊ शकली, आणि १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. आपल्या तालुक्यातल्या पर्जन्यमापकाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. त्यांच्या तक्त्याचा खालचा कोपरा उंदराने कुरतडला आहे. हा उंदीर तुमच्या घरचा आहे, माझ्या नव्हे, हे इथेच नोंदवून ठेवते.

गणितवाले साहेब म्हणजे गिल्बर्ट वॉकर. ते केंब्रिजचे गणिती होते आणि हवामानशास्त्राचा अनुभव नसताना १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८९९ च्या पावसाने दगा दिल्यावर वऱ्हाडासह पश्चिम आणि मध्य भारतात जो दुष्काळ पडला होता, त्याच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या आणि मान्सूनचा अंदाज आधी कसा द्यावा हा प्रश्न सरकारपुढे होता. वॉकरांनी जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांवर हवेचा दाब तराजूसारखा वर-खाली होतो हे ओळखले. आज दरवर्षी एल निनोची बातमी ऐकून आपण पेरणीची चिंता करतो, तिचे मूळ त्या आकडेमोडीत आहे. ती आकडेमोड हाताने करणारे कारकून भारतीय होते आणि त्यांची नावे कोणत्याही तक्त्यावर नाहीत. हे मी वाचून दाखवले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तक्ता गुंडाळून ठेवलात.

त्या रात्री मी विचार करत राहिले की या सगळ्यांच्या वाटा इतक्या आडवळणाच्या का असाव्यात. एक कारण तुमच्याच शहरात सापडले. नागपुरात १९५८ साली जी संस्था सुरू झाली तिचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असे होते. ‘पर्यावरण’ हा शब्द तिच्या नावात १९७४ मध्ये, स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनंतर दोन वर्षांनी आला आणि ती ‘नीरी’, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, झाली. या विषयाचा पायाच मुळात पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि गटारे यांच्या अभियांत्रिकीत होता. पर्यावरणशास्त्राची पदवी सर्रास मिळू लागण्याआधी ज्यांनी हे क्षेत्र उभे केले ते स्थापत्यातून, रसायनातून, भौतिकशास्त्रातून नाही येणार तर कुठून येणार? पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नीरीने दिली. पांढरकवडा आणि झरी-जामणीकडच्या ज्या गावांत फ्लोराइडमुळे माणसांचे दात आणि हाडे खराब होतात, तिथे हे रसायनशास्त्र किती जवळचे आहे हे मी तुम्हाला सांगायला नको.

माणूस कुठून आला हे त्याच्या कामात दिसत राहते, हे मला पश्चिम घाटाच्या संवर्धनावरील दोन सरकारी अहवालांमुळे पटले. पहिल्या समितीचे अध्यक्ष माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. पुण्या-मुंबईत जीवशास्त्र शिकून हार्वर्डला गेलेले आणि आयुष्यभर जंगलात, गावात हिंडलेले. त्यांच्या २०११ च्या अहवालाने सगळा घाट संवेदनशील मानला आणि निर्णयात ग्रामसभेला मोठे स्थान दिले. दुसऱ्या कार्यगटाचे प्रमुख के. कस्तुरीरंगन इस्रोचे माजी अध्यक्ष, खगोलभौतिकीचे अभ्यासक. २०१३ च्या त्यांच्या अहवालाने उपग्रहांच्या प्रतिमांवरून नैसर्गिक आच्छादन वेगळे काढले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. डोंगर एकच होता. एकाने तो पायी पाहिला होता, दुसऱ्याने वरून. माझे मत पहिल्या अहवालाच्या बाजूने आहे, कारण आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे दाखवले आहे. पण ते मत बाजूला ठेवले, तरी आधीचा व्यवसाय मागे सोडता येत नाही, तो नजरेत उतरतो, एवढे मला त्यातून कळले.

मग मी माझी जिनिंगमधली वही पुन्हा काढली. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीत माल परत जातो, म्हणून प्रत्येक बंडीचा, म्हणजे बैलगाडीतल्या मालाचा, ओलावा मी लिहीत असे. रात्रभर दवात उभ्या राहिलेल्या बंड्यांचा आकडा सकाळी जास्त येई आणि उन्हे वर चढल्यावर मोजलेल्या बंड्यांचा कमी. मालकाला त्याच्याशी देणेघेणे नव्हते, तरीही वेळ, थंडी आणि ढग यांची नोंद मी स्वतःहून तीन हंगाम ठेवली होती. एक उपकरण, एक पिकाचा माल आणि बदलती हवा यांच्या त्या नोंदींना दुसरे काय म्हणायचे, हे मला त्या समितीसमोर सुचले नव्हते.

पुढच्या मुलाखतीला मी ती वही घेऊन गेले. कापसाचा प्रश्न तिथेही आला आणि या वेळी मी पंधरा मिनिटे बोलले. शेवटी एका मॅडमनी विचारले की फ्लोराइडचा नमुना कोणत्या बाटलीत घ्याल. काचेच्या नाही, पॉलिथिनच्या, कारण फ्लोराइड काचेशी लागते आणि आकडा चुकतो, आणि बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, असे मी सांगितले. हे कुठे शिकलात, असे त्यांनी विचारले. शेजारच्या मावशींकडून, असे मी उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांनी कागदावर लिहून घेतले.

माझ्यासारखी मुलगी क्रुट्झेन होईल असे तुम्ही कधी म्हणाला नाहीत, याबद्दलही आभार. त्या सर्वांना कुठे ना कुठे कोणी दार उघडून दिले होते, शिष्यवृत्ती होती, आणि काहींच्या घरात पुस्तकांनी भरलेली कपाटे होती. माझ्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आली आणि ती मला पुरली.

सध्या प्रकल्प सहायक म्हणून मी हातपंपांचे नमुने गोळा करत फिरते आहे. पोळ्याला गावी येईन तेव्हा चारही तक्ते परत आणीन. पूलवाल्याच्या मागच्या बाजूला मी एका विहिरीचे आकडे लिहिले आहेत, ते खोडू नका. आणि हातपंपाचे पाणी बाटलीत घेण्याआधी किती वेळ उपसून सोडायचे यावरून आमच्या गटात वाद चालू आहे, तो तुम्हीच मिटवायचा आहे.

तुमची,
बोळीपलीकडची पोर
जिल्हा यवतमाळ